एका कोटातले उमेदवार

"कोट कुठवर आला?" गजानन सरकटेने रांगेतून मान बाहेर काढून विचारलं.

मी जिल्हा परिषदेच्या कुंपणाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. आधी लुनाचा आवाज आला, मग लुनावर बाबा आले, आणि बाबांच्या मागे, कॅरिअरला बांधलेल्या काठीवर हँगरला लटकवलेला, दोन्ही बाह्या हलवणारा काळा कोट आला. बिनमुंडक्याचा पाहुणा डबलसीट आणावा तसा तो दिसत होता.

"आला," मी म्हटलं. "आतून ओला असेल. पावडर लावून घे."

रांगेतले आम्ही सगळे एकाच तालुक्याच्या गावचे, बोरसावळीचे. ऐन मे महिना होता. पत्र्याच्या शेडखाली आमचे जीव नुसते उकडत होते आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला तो एकच कोट घालायचा होता. आत जायचं समोरच्या दाराने आणि बाहेर पडायचं मागच्या दाराने, कारण तपासून झालेला माणूस पुन्हा रांगेत घुसू नये असा वरचा हुकूम होता. त्यामुळे मागच्या दाराशी कोट उतरवून घ्यायचा, लुनावर टाकायचा, सगळ्या कुंपणाला वळसा घालायचा आणि समोरच्या दाराशी पुढच्याच्या अंगावर चढवायचा, हे काम माझे वडील सकाळपासून करत होते. खांद्याला शबनम, शबनममध्ये टाय, पावडरचा डबा, कंगवा आणि कपडे वाळत घालायचे चिमटे. मी रांगेत सगळ्यात शेवटी होते. कोट आपल्या घरचा, तेव्हा आपण शेवटी, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं. लग्नाच्या पंगतीत मुलीचा बाप शेवटी बसतो, त्या चालीवर.

ही पाळी आमच्यावर का आली, ते आधी सांगते.

बोरसावळीला बसस्टँडसमोर बाबांचा फोटो स्टुडिओ होता. पाटीवर माझं नाव, उज्ज्वला फोटो स्टुडिओ. आत निळा पडदा, लाकडी स्टूल, आरसा आणि खुंटीला तो कोट. कोटासोबत एक लाल टाय, त्याची गाठ माझ्या जन्माआधी कोणीतरी मारली होती आणि ती सोडायची हिंमत त्यानंतर कोणाला झाली नव्हती. पासपोर्ट फोटोसाठी माणूस आला की बाबा त्याला विचारत नसत, सरळ कोट चढवत. माणूस बारीक असला तर कोट पाठीमागे चिमट्यांनी आवळायचा. जाड असला तर बाह्या पुढून घालून, लहान मुलाला लाळेरं बांधतात तसा नुसता छातीवर ठेवायचा, कारण फोटोत पाठ येत नाही. बायकांना टाय नाही, साडीवरून किंवा ओढणीवरून कोट. मग बाबा काळ्या कपड्याआड जायचे. "हनुवटी जराशी खाली घे. घाबरू नोको. पुढं साहेब बसला हाये अन् त्यानं तुले नाव इचारलं, असं समज." समोरच्याने तसं समजायच्या आत फोटो निघालेला असायचा. पुढे डिजिटल कॅमेरा आला, काळा कपडा गेला, पण साहेब आणि कोट राहिले.

कोटाला चार बटणं होती. तीन काळी आणि वरचं एक तपकिरी. मूळचं बटण कधीतरी हरवलं तेव्हा आईने माझ्या शाळेच्या स्वेटरचं काढून लावलं होतं. गावातल्या तलाठ्यापासून कंपाउंडरपर्यंत ज्याचा म्हणून कुठल्या कागदावर फोटो होता, त्याच्या गळ्याखाली माझ्या स्वेटरचं बटण होतं.

बाबांनी स्वतः मात्र तो कोट कधी घातलेला मी पाहिला नव्हता. लग्नातला असेल, असं सगळं गाव धरून चालायचं आणि मीही. लग्नाच्या फोटोत बाबा पांढऱ्या शर्टावर उभे आहेत, हे रोज भिंतीवर पाहूनही माझ्या डोक्यात काही आलं नव्हतं.

त्या वर्षी जिल्हा परिषदेची भरती पहिल्यांदाच ऑनलाइन झाली. गावात कोणाला त्याचा भरवसा वाटेना. अर्ज हातात दिला की निदान शिक्का तरी मिळतो, हा हवेतून जाणार, तो पोचला हे कोणी सांगायचं, असं चहाच्या टपरीवर चालायचं. एकट्या बाबांना तो प्रकार मनापासून आवडला होता. ते टपरीवर उभे राहून कॉम्प्युटरची बाजू अशी मांडायचे, की सरकारने त्यांना त्याचे पैसे द्यायला हवे होते. "कॉम्प्युटरले मामा नसते," ते सांगायचे. "त्याले साडू नसते, मेव्हणा नसते. तो मार्क पाहते, बास." त्यांनी स्कॅनर घेतला, इंटरनेट घेतलं आणि तालुक्यातले अर्ज स्टुडिओतूनच जाऊ लागले. फोटोही तिथेच, फॉर्मही तिथेच. बाबा दोन बोटांनी टाइप करायचे आणि शेवटचं बटण दाबताना उमेदवाराला उभं राहायला लावायचे.

त्यात माझाही अर्ज होता, कनिष्ठ सहायक पदाचा. आधीच्या दोन भरत्यांत मी थोडक्यात हुकले होते आणि या भरतीनंतर माझं वय निघून जाणार होतं. मग शाळेतली तासिकेवरची शिक्षिका म्हणून जन्म काढायचा, हे मला दिसत होतं. शिवणयंत्र घेऊन टाकू का, असं आई अधूनमधून विचारायची आणि मला तिचा राग यायचा, कारण तिचं बरोबर होतं.

अर्ज गेले आणि महिनाभराने एका दुपारी सगळ्यांचे मोबाइल वाजले. आपला अर्ज संशयास्पद आढळला आहे. अमुक दिवशी जिल्हा परिषदेत मूळ कागदपत्रांसह, अर्जातील फोटोत आहे त्याच पोशाखात, समक्ष हजर राहावे. न राहिल्यास अर्ज बाद होईल.

संध्याकाळपर्यंत सगळा स्टुडिओ पोरांनी भरला. कोणीतरी जिल्ह्याच्या ठिकाणी फोन लावून खरी गोष्ट काढली. भरतीचं काम घेतलेल्या कंपनीच्या कॉम्प्युटरने सगळे फोटो एकमेकांशी ताडून पाहिले होते. आमच्या फोटोत चेहरा थोडा आणि कोट फार. मागे तोच पडदा, तोच टाय, बटणंसुद्धा तीच. तेव्हा बोरसावळीत कोणी एकच माणूस आहे आणि त्याने नावं बदलून हे सगळे अर्ज भरलेत, असं कॉम्प्युटरने ठरवलं होतं. त्या माणसावर पोलिसांत तक्रार करायचा सल्लाही कंपनीने दिला होता.

पोरं बाबांवर चिडली. एक जण तर म्हणाला की डाखोरे काकांनी आमच्या नोकऱ्या खुंटीला टांगल्या. मला वाटलं होतं, बाबा कॉम्प्युटरला शिव्या देतील. ते खुंटीवरून कोट काढून मांडीवर घेऊन बसले. "कॉम्प्युटर खोटं कायले बोलन," ते म्हणाले. "माह्यंच काही चुकलं." मला त्यांची फार दया आली आणि ती दाखवता येईना, म्हणून मी पडद्यामागे जाऊन उगाच लेन्स पुसली.

फोटोतल्या पोशाखात हजर राहायचं तर कोट सगळ्यांना हवा. बँडवाल्याकडून आणायचे का, असं एकाने सुचवलं. पण बँडवाल्याचे कोट लाल, त्यावर जरीच्या झिरमिळ्या. बाबा म्हणाले, फोटोत आहे तोच कोट प्रत्येकाच्या अंगावर जाईल, ती जबाबदारी माझी. आणि म्हणून आम्ही एसटीने आणि बाबा लुनाने जिल्ह्याच्या गावी पोचलो होतो.

आत तपासणीला देशमाने मॅडम बसल्या होत्या. नुकत्याच पुण्याकडून बदलून आलेल्या, कडक, आणि उन्हाने आधीच वैतागलेल्या. त्यांच्या शेजारी कॉम्प्युटर आणि त्यावर बसवलेला छोटा कॅमेरा सांभाळायला टाले बाबू होते. समोर कोणी बसलं की कॅमेरा त्याचा फोटो घ्यायचा, अर्जातल्या फोटोशेजारी ठेवायचा आणि कागद छापून बाहेर काढायचा. नावं पुकारायला टाले बाबूच दाराशी येत. ऑफिसात सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं लोंबत होती, टाले बाबूंचं तेवढं शर्टाच्या खिशात कोंबलेलं होतं. उकाड्यामुळे असेल असं मला वाटलं.

सकाळी सगळं सुरळीत चाललं. कोट चिमट्यांनी आवळलेला असल्यामुळे पोरांना मॅडमना पाठ दाखवता येत नव्हती. ती देवळातून निघाल्यासारखी उलट्या पावली मागच्या दाराकडे जात. हे मला पुढे टाले बाबूंनी सांगितलं. इकडची पोरं फारच अदबशीर आहेत, असं मॅडम त्यांना पहिल्या तासात म्हणाल्या होत्या.

घोळ सरकटेपासून झाला. सरकटे दारासारखा रुंद. फोटो काढताना बाबांनी त्याच्या छातीवर कोट नुसता ठेवला होता, पण आज तो अंगावर चढवायचा होता. तिघांनी मिळून चढवला. सरकटेने श्वास घेतला नाही, बोलला नाही, दोन्ही हात शरीरापासून लांब धरून तो आत गेला. सही करायला खाली वाकला आणि मानेपासून कमरेपर्यंत कोटाची शिवण उसवली. आवाज आम्हाला बाहेर ऐकू आला. पुढचा मुलगा तोच उसवलेला कोट घालून आत गेला. त्याच्या पुढचाही.

मग माझ्यापुढची मुलगी आत गेली, बाहेर पडली असावी, आणि मी कोपऱ्याकडे डोळे लावून उभी राहिले. लुनाचा आवाज आला. जवळ आला. कुंपणाच्या पलीकडे, बरोबर मॅडमच्या खिडकीखाली बंद पडला. मग काहीच नाही.

"डाखोरे उज्ज्वला देवमन," टाले बाबू दाराशी येऊन ओरडले. आवाज जरा कापरा होता.

बिनाकोटाची आत गेले तर पोशाख जुळत नाही, नाही गेले तर गैरहजर. दोन्हीकडून अर्ज बाद, आणि पुढची भरती माझ्यासाठी नव्हतीच. टाले बाबूंनी दुसऱ्यांदा नाव घेतलं तेव्हा मी ओढणी सारखी केली आणि आत गेले.

आत बाबा उभे होते. हातात रिकामा हँगर. कोट मॅडमच्या टेबलावर पालथा पडला होता आणि त्याची उसवलेली पाठ वर होती. शिपायाने त्यांना लुनासकट गाठून आणलं होतं.

मॅडमनी माझा फॉर्म पाहिला, मग मला पाहिलं. "पोशाख आणला नाहीत?"

"आणलाय, मॅडम," मी म्हटलं. "तुमच्यापुढे आहे."

त्यांनी चष्मा काढला. सकाळपासून त्या तो कोट पाहत होत्या, म्हणाल्या. आधी वाटलं, इकडे ही पद्धत असेल. मग कोट फाटला, आणि फाटका कोट पुन्हा पुन्हा आत येऊ लागला. खिडकीबाहेरून हे गृहस्थ दर पाच मिनिटांनी जाताना दिसत, मागे बिनडोक्याचं काहीतरी बसवून. आपल्याला ऊन लागलं की काय, अशी शंका येऊन त्यांनी मधे मीठ-साखरेचं पाणीही घेतलं होतं.

मग त्या बाबांकडे वळल्या. फोटो काढणारे तुम्ही का? हो. अर्ज भरून देणारेही तुम्हीच? हो. सगळे अर्ज तुमच्याच कॉम्प्युटरवरून गेले? हो. कोटही तुमचा? बाबांनी त्यालाही हो म्हटलं. खरं बोलायची त्यांना एवढी घाई झाली होती की पुढचा प्रश्न यायच्या आत ते मान हलवत होते.

"अहो, मग उरलं काय?" मॅडम म्हणाल्या. "कंपनीने लिहिलंय की हे सगळं एका माणसाचं काम आहे. तुम्ही तर तेच सांगताय."

"उरली पोरं, मॅडम," बाबा म्हणाले. "ते ज्याची त्याची हायेत."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांच्यापुढे पोलिसांना द्यायचं पत्र तयार होतं. मी उलटं वाचलं, त्यात 'सदर इसम' असं होतं आणि तो इसम म्हणजे बाबा होते. मॅडमनी विचारलं की मुळात लोकांना कोट घालता कशाला. बाबांनी हँगर या हातातून त्या हातात घेतला. "पोरगं फोटोत गरीब दिसू नये म्हणून," ते म्हणाले. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. त्या वाईट बाई नव्हत्या, पण समोर पत्र होतं आणि पत्रावर सहीची जागा होती.

मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं, म्हणून मी कुठेतरी नजर गुंतवायला बघत होते. शिपाई मॅडमसाठी पाण्याचा ग्लास घेऊन आला. तो वाकला तसं त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र माझ्या नाकासमोर आलं. फोटोत तो वीस वर्षांनी तरुण होता आणि त्याच्या गळ्याखाली माझ्या स्वेटरचं बटण होतं.

"मॅडम," मी म्हटलं, "यांचं कार्ड बघा."

"कोणाचं?"

"यांचं. अंगात काय आहे ते बघा. वरचं बटण तपकिरी आहे."

मॅडमनी शिपायाला तसंच वाकलेलं ठेवून कार्ड पाहिलं. मग टेबलावरचा कोट उलटला आणि बटण पाहिलं. मग पुन्हा कार्ड. शिपाई ग्लास हातात घेऊन ओणवाच उभा होता. गाव कोणतं, असं मॅडमनी विचारल्यावर तो बोरसावळी म्हणाला. ऑफिसात बोरसावळीचे आणखी कोण आहेत, असं विचारल्यावर तो टाले बाबूंकडे पाहू लागला.

"टाले, तुमचं ओळखपत्र कुठे आहे?"

"खिशात, मॅडम."

"काढा."

टाले बाबूंनी ते इतकं हळू काढलं की जणू त्याला काटे होते. फोटोत त्यांना भरपूर केस होते. कोट खांद्यावरून घसरत होता, मागचा चिमटा ढिला राहिला असावा. बाकी सगळं तेच, पडदा, टाय आणि बटण. "मी सकाळीच सांगणार होतो," ते म्हणाले, आणि मग बाबांकडे वळून हळूच, "काका, तुम्ही ओळखलं नसन मले."

"दाराशी आला तवाच ओळखलं," बाबा म्हणाले. "तुह्या नोकरीवर बालंट नोको म्हणून नाही बोललो."

मॅडमनी ऑफिसातल्या बोरसावळीच्या सगळ्यांना आत बोलावलं. गेटवरचा चौकीदार आला, आस्थापनेतल्या एक बाई आल्या, बांधकाममधले एक वयस्कर अभियंता आले. त्यांना वाटलं चहापान आहे. सगळ्यांची कार्डं काढून मॅडमनी टेबलावर पत्ते मांडावेत तशी मांडली. बाबांनी ती बघितली आणि न राहवून, अभियंत्याच्या फोटोत उजेड जास्त पडलाय, असं सांगितलं.

"म्हणजे कंपनीच्या हिशेबाने," मॅडम म्हणाल्या, "माझं निम्मं ऑफिस एकच माणूस चालवतो." आणि त्या हसायला लागल्या. एवढ्या हसल्या की मीठ-साखरेचं उरलेलं पाणी त्यांना प्यावं लागलं. साहेब हसल्यावर हसायला हरकत नसते, म्हणून मग बाकीचेही हसले. पेनाचं टोपण परत लागलं. टाले बाबूंना त्यांनी सांगितलं की सगळ्यांचं योग्य म्हणून नोंदवा, आणि फोटोतल्या पोशाखात या, असं कोणत्या शहाण्याने लिहिलं होतं तेही शोधा. शोधायची गरज नव्हती. ते टाले बाबूंनीच लिहिलं होतं.

मग माझी तपासणी झाली. बाबांनी उसवलेला कोट माझ्या अंगावर घातला, मागे चिमटे लावले, आणि सवयीने माझी हनुवटी दोन बोटांनी खाली केली. कागद छापून आला. त्यावर दोन फोटो, खाली हजेरीची ओळ आणि योग्य. तो हातात घेऊन मी उठले आणि परत मटकन खुर्चीत बसले.

मॅडमनी कोट परत हातात घेतला. आतल्या खिशावर शिंप्याची पट्टी होती, जिल्ह्याच्या गावातल्याच पेठेतली. "शिलाई चांगली आहे हो," त्या म्हणाल्या. "लग्नातला का?"

"नाही," बाबा म्हणाले. "मुलाखतीचा."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"कसली मुलाखत?"

"इथलीच, मॅडम. याच ऑफिसात, कारकुनाची जागा होती." ते एवढं बोलून थांबले, पण मॅडम वाट बघत होत्या, आणि साहेबाने वाट बघितली की उत्तर द्यायचं ही त्यांची सवय. "लग्नाच्या आधीची गोष्ट. मुलाखतीले कोट पाहिजे म्हणून बापानं शिवून देला. असाच उन्हाळा होता. घामानं खराब होऊ नये म्हणून मी तो घातला नाही, हातावर धरून बाहेर बसलो. म्हटलं नाव पुकारलं की घालू."

"मग?"

"संध्याकाळी बाबू बाहेर आला. म्हणे, जागा भरल्या, जा आता घरी." बाबा ओशाळं हसले. "नाव काही पुकारलं नाही."

टपरीवर उभं राहून कॉम्प्युटरला मामा नसतो असं सांगणारे बाबा मला तेव्हा कळले. सगळ्या गावाच्या अंगावर घातलेला तो कोट त्यांनी स्वतः का घातला नाही, तेही कळलं. त्या माणसाला घट्ट मिठी मारावी असं मला वाटलं, पण आमच्यात तशी रीत नव्हती.

मॅडमनी चष्मा पुसला, जरा जास्त वेळ पुसला. मग ऑफिसच्या आवाजात म्हणाल्या की कंपनीला उत्तर पाठवायचं तर पुरावा लागेल. सदर कोट आणि सदर कोटाचा मालक, दोघांचा एकत्र फोटो फाईलला हवा. "टाले, घ्या यांचा फोटो. आणि रीतसर घ्या."

बाबा समोरच होते, दोन हातांवर. पण टाले बाबू उठले. त्यांनी बाबांना हाताने दाखवून बाहेर उभं राहायला सांगितलं, बाबा कोट हातावर घेऊन मुकाट्याने बाहेर गेले. टाले बाबू दाराशी गेले, ओळखपत्र खिशातून काढून गळ्यात घातलं आणि रिकाम्या व्हरांड्यात, सकाळपासून एकदाही ओरडले नव्हते एवढ्या मोठ्याने ओरडले:

"डाखोरे देवमन सखाराम."

बाहेर कोटाची सळसळ झाली. मग बाबांचा आवाज आला, "हजर." ते आत आले तेव्हा कोट त्यांच्या अंगात होता. चारही बटणं लावली होती. मागून तो कमरेपर्यंत उघडा होता, पण फोटोत पाठ येत नाही.

ते खुर्चीवर बसले. हजारो माणसांना बसवलेला माणूस, पण त्यांना हात कुठे ठेवायचे ते कळेना. हनुवटी वर गेली होती. मी पुढे होऊन म्हटलं, "बाबा, हनुवटी जराशी खाली. घाबरू नका. पुढे साहेब बसलेत असं समजा."

"बसलेच हायेत ना," बाबा म्हणाले, आणि फोटो निघाला.

पुढे परीक्षा झाली, मी पास झाले, त्याच ऑफिसात लागले. भरतीच्या नियमांत कोट घालू नये अशी ओळ आली आणि बाबांचा कोट खुंटीवरच राहिला. आता बाबा नाहीत. ती फाईल आमच्या रेकॉर्ड रूममध्ये आहे, आणि मी ती कधीतरी काढून बघते. टाले बाबूंनी नाव टाकून फोटो घेतल्यावर कॉम्प्युटरने सगळ्यांचा छापायचा तसाच बाबांचाही कागद छापला होता, त्याला कोण पुरावा आणि कोण उमेदवार हे काय कळणार. बाबांचा कोटातला फोटो आहे, शेजारी नाव आहे, आणि खाली कॉम्प्युटरने आपणहून छापलेली ओळ आहे: उमेदवार समक्ष हजर होते.